मातोश्रींची लापशी

"चार समुद्रांच्या आत फान देशेंगसारखा मातृभक्त अधिकारी ना झाला, ना होणार!"

दरबारातून आलेले चिन साहेब खड्या आवाजात फर्मान वाचत होते. चीनमधल्या यांगचौ शहराचे मीठ-आयुक्त फान आपल्या घरी कपाळ फरशीला टेकवून ऐकत होते. अडचण एवढीच होती, की मातोश्री चार वर्षांपूर्वीच वारल्या होत्या.

आई गेली की अधिकाऱ्याने खुर्ची सोडायची आणि सत्तावीस महिने सुतकात बसायचं, असा कायदा. फान तेव्हा नुकते मिठावर आले होते, आणि मिठावरची खुर्ची सत्तावीस दिवसही रिकामी राहत नाही. त्यांनी मातोश्रींना सरकारी कोठारात, मिठाच्या ढिगाखाली ठेवलं. निवृत्तीपर्यंतच. घरात मातोश्रींच्या पलंगाला पडदा लावला आणि पडद्याआड जुन्या दाईला, ताओ मावशींना, बसवलं.

रोज सकाळी फान स्वतः लापशीची वाटी घेऊन पडद्यापुढे गुडघे टेकत. मावशी खोकत, वाटी चाटूनपुसून रिकामी करत आणि संधी साधून मालकांना दोन शिव्या हासडत. "एवढा मोठा माणूस, पण आईपुढे मांजर!" लोक म्हणू लागले. बढती मिळाली, पुन्हा मिळाली. बाग झाली, बागेत तळं झालं, तळ्यात नाव आली. फान मात्र चार वर्षं अळणी जेवत होते. मीठ जिभेला लागलं की त्यांना कोठारातला तो ढीग आठवे.

आणि ती पावलं. अधूनमधून सकाळी दारापासून पडद्यापर्यंत पांढरट ठसे उमटलेले असत. बोटभर लांबीचे, लहानपणापासून बांधलेल्या पायांचे, मातोश्रींचे होते तसे. मावशींचे पाय चांगले ऐसपैस होते.

"मला काय विचारता, मालक? मी झोपले होते," मावशी म्हणत. "मातोश्रींनाच विचारा की!"

फर्मान संपलं. चिन साहेब झगा घेऊन पडद्यापुढे आले. "मातोश्री, तुमच्या नव्वदीनिमित्त बादशहांनी हा रेशमी झगा धाडलाय. उठू नका. पावला म्हणा, की आम्ही निघालो."

पडद्याआडून नेहमीचा खोकलाही आला नाही.

फाननी मान जराशी वळवली. अंगणापलीकडे, फाटकाशी, शिपायांनी ताओ मावशींना अडवून धरलं होतं. त्यांच्या हातात मुळ्यांची जुडी होती. बाई मुळे आणायला गेली होती! मावशींनी मालकांकडे पाहून हताशपणे मुळे हलवले.

म्हणजे पडद्याआड कोणीच नव्हतं. चिन साहेबांचा हात पडद्याकडे गेला. खुर्ची गेली, बाग गेली, मान तेवढी जायची बाकी होती.

"आई..." फान पुटपुटले. चार वर्षांत पहिल्यांदाच ही हाक लोकांना ऐकू जाण्यासाठी नव्हती.

"पावला हो, साहेब," पडद्याआडून आवाज आला. बारीक, कोरडा.

चिन साहेब खूश झाले. फान मात्र पडद्याकडे बघत राहिले. हा आवाज मावशींचा नव्हता. लहानपणी याच आवाजाने त्यांना जेवायला बोलावलं होतं.

"आणखी काही इच्छा, मातोश्री? बादशहांच्या कानावर घालीन."

"नाही, नाही! आईला काही नको असतं!" फान ओरडले.

"गप्प बस रे, देशेंग. साहेब, मोठं काही नाही. उद्यापासून माझी लापशी तेवढी अळणी करायला सांगा. चार वर्षं मिठातच झोपलेय मी."