दुसरं औषध

फोन वाजला तेव्हा तो मांडीवरच होता. तरी मास्तरांनी तो जरा वाजू दिला, मग उचलला.

"काका, कसं वाटतंय?" हॉस्पिटलातली नर्स होती.

"बरं आहे."

"उलट्या? बोटांना मुंग्या?"

"छे, छे."

"छान! मग सोमवारी करते." फोन बंद. घर पुन्हा चिडीचूप.

मास्तरांचा जन्म शिवणयंत्रावर गेला होता. बायको गेली, दुकान विकलं, मुलगा दूरदेशी रमला. स्वादुपिंडातला कॅन्सर यकृतापर्यंत पोचला होता. ऑपरेशन करण्यापलीकडे गेलं होतं सगळं. हॉस्पिटलात एक चाचणी चालू होती. काही रोग्यांना नेहमीचं औषध, काहींना त्याच्या जोडीला दुसरं, नवं. कुणाला काय, ते कॉम्प्युटर ठरवायचा. मास्तरांच्या वाट्याला दोन्ही आली. दुसरं औषध जहाल, म्हणून ते घेणाऱ्यांची नर्स फोनवर विचारपूस करायची.

सोमवारी मास्तर म्हणाले, "काल फार उलट्या झाल्या गं."

"अगंबाई! पोटात काही ठरतंय का?"

ती बराच वेळ बोलली. घोट घोट पाणी प्या म्हणाली. मध्येच तिच्या सासऱ्यांची गोष्ट निघाली. ते आपलं औषध गुपचूप कुंडीत ओतायचे आणि झाड वाळलं की माळ्यावर खेकसायचे. मास्तरांना हसू आवरेना.

"उद्याही करते हं, काका."

मग रोजच फोन येऊ लागला. मुंग्या सांगून झाल्या, मग बधिरपणा आला. "हातात काही धरवत नाही बघ, पोरी," मास्तर म्हणाले, तेव्हा पलीकडे तिनं ते डॉक्टरांसाठी लिहून घेतलं.

तपासणीच्या दिवशी त्यांनी सुईत दोरा पहिल्याच फटक्यात ओवला, शर्टाचं तुटलेलं बटण लावलं आणि पोटभर खाऊन निघाले.

डॉक्टरांनी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. "मास्तर, गाठ निम्म्यावर आली आहे. नव्या औषधानं असं फार थोड्यांचं होतं."

ही बातमी सांगावी असं कोण होतं? त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या नर्सकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते.

"पण दुसरं औषध आजपासून बंद," डॉक्टर म्हणाले. "नाहीतर हातांची संवेदना कायमची जाईल. इतका त्रास झाला की थांबवायचं, हा नियमच आहे. रोजच्या फोनचीही कटकट नाही आता. आराम करा."

मास्तर खुर्चीच्या कडेवर आले.

"डॉक्टर, मला काही झालंच नव्हतं. एक उलटी नाही, मुंग्या नाहीत. मी खोटं बोलत होतो. हिनं फोन ठेवू नये म्हणून."

डॉक्टरांनी नर्सकडे पाहिलं. ती खाली बसली. मास्तरांचा हात तिनं दोन्ही हातांत धरला, दुखू नये अशा बेतानं.

"काका," ती हळूच म्हणाली, "औषध बंद होणार म्हटलं की सगळे असंच काहीतरी सांगतात."