रिकामं दार

बुलढाण्यात घरांची दलाली करणारे तोतारामजी गळ्यात डबा कॅमेरा अडकवून सकाळपासून गल्ल्या पालथ्या घालत होते. फोटोत घरचं माणूस दिसलं की गिऱ्हाईक बिचकतं, म्हणून दारातल्या सगळ्यांना ते उठवत. तलावाकाठच्या घरी पोचले तेव्हा रोलमध्ये एकच फोटो उरला होता आणि उंबऱ्यावर म्हातारी गहू निवडत होती. “काकू, जरा बाजूले सरा, घराचा फोटो काढतो.” “हाव बापा,” म्हणत ती निमूट उठली, तसे तोतारामजी चपापले. “नाही, नाही, तुम्ही बसा!” ती पुन्हा उंबऱ्यावर टेकताच त्यांनी खटका दाबला. “काऊन बापा, काय झालं?” त्यांनी खिशातून पिवळा पडलेला फोटो तिच्यापुढं धरला. “हे आमचं घर. फोटो काढताना म्या मायलेबी असंच उठवलं होतं. आता तिचा एवढाच फोटो उरला.” म्हातारीनं निरखून पाहिलं. “माय कुठी हाय?” तोतारामजींनी रिकाम्या दाराशेजारच्या सावलीवर बोट ठेवलं.