कौल एकदाच

“आमचे पैसे, आमचं नशीब. सरकार कशाला मधी तडमडतंय?” कुशाबा म्हणाला आणि वाघजाईच्या देवळाच्या अंगणात बसलेल्या साऱ्या माना डोलल्या.

मुंबईचे साहेब पोलादपुराहून डोंगर चढून आले होते, आणि इथून पुढं पलीकडच्या वाडीला जाणार होते. काम एवढंच, की कायदा हवा की नको ते लोकांना विचारायचं. कायदा असा: खेडोपाडी कंपन्यांचे शेअर विकणाऱ्या दलालाला परवाना लागेल, आणि पैसे बुडू शकतात हे त्यानं मराठीत, तोंडावर सांगायचं. इथं निम्म्या गावानं घाटातल्या मोटार कंपनीचे शेअर घेतले होते. दोन पावसाळे गेले, मोटारीचा पत्ता नाही.

“तुमचे पैसे बुडाले ना?” साहेबांनी विचारलं.

“बुडाले कोण म्हणतो? पलीकडच्या वाडीत नवे शेअर खपले की आमचे परत घेतो म्हणालाय दलाल. तुमचा कायदा आला तर वाडीत घेणार कोण?”

ठकूबाई मागं बायकांत बसून ऐकत होती. त्याच वाडीत तिची लेक शकू दिलेली. जावई बैलजोडी विकून शेअर घ्यायला निघालेला, आणि सासूनं कितीही डोकं फोडलं तरी ऐकेना. दोन्ही गावांची देवी एकच. वाघजाईनं तुम्हाला उजवा कौल दिला, मग आम्हाला का नाय देणार, हे त्याचं पालुपद.

ती उठली. “साहेब, कायदा पायजे.”

“बस गो खाली. तुला कुणी विचारलं?” कुशाबा म्हणाला.

“पाटल्या मोडून शेअर घेतलेत मी. मला नाय विचारायचं तर कुणाला?”

कुजबुज वाढली. एक जण तिच्या दिशेनं थुंकला. तेव्हा सहदेव गुरव पुढं आला, मोठा समजूतदार चेहरा करून. “भांडताय कशाला? शेअर घेताना देवीला विचारलं होतं, कायद्याचंही तिलाच विचारू.” बाहेरच्या माणसानं नको कसं म्हणावं? साहेबांनी वही उघडली.

सहदेवानं ताटातल्या दोन कळ्या पाण्यात बुडवून देवीच्या दोन्ही खांद्यांना चिकटवल्या. उजवी आधी पडली तर कायदा हवा, डावी पडली तर नको. सहदेवाचे शेअर गावात सगळ्यांत जास्त होते.

शेअर घेताना आधी डावी, म्हणजे नको, पडली होती. पुन्हा लावली, पुन्हा डावीच. तिसऱ्या खेपेला उजवी पडली आणि अख्खा गाव नाचला. ठकूबाईही नाचली होती. खोटं कशाला बोला, तिलाही उजवीच हवी होती.

आता सगळे मान वर करून बसले. उजवी कळी सुटली आणि देवीच्या पायाशी पडली.

सहदेवानं नाक खाजवलं. “पाणी कमी लागलं वाटतं. पुन्हा लावतो.”

“लाव, लाव,” चार तोंडांनी म्हटलं.

ठकूबाई पुढं गेली. सहदेवासमोरचं कळ्यांचं ताट तिनं उचललं आणि ते मांडीवर घेऊन गाभाऱ्याच्या उंबऱ्यात बसली.

“ताट दे गो,” सहदेव म्हणाला.

“नाय.”

कुशाबा उठून जवळ आला. ओरडला नाही. अगदी हळू म्हणाला, “ठकूबाय, लावणीला तुझ्या शेतावर कोण येतंय ते बघ मग. आणि मेलीस तर उचलायला कोण येतंय तेपण बघ.”

तो बोलल्यासारखं करील, हे तिला ठाऊक होतं. त्याच्यामागं बसलेल्यांत तिचा सख्खा दीर होता, तो जमिनीकडं बघत होता. तिनं ताट पोटाशी घट्ट धरलं.

“लिवा साहेब,” ती म्हणाली. “कौल एकदाच लावला, उजवी पडली. शेअरच्या खेपेला तीनदा लावला, तवा कुठं उजवी पडली. वाडीत जाल तेव्हा माझ्या जावयाला तेवढं सांगा.”