मोटारखान्यातला दिवा

सन एकोणीसशे अठ्ठावन्न, डिसेंबरातील दुसरा रविवार, सकाळचे अकरा. स्थळ, चिंचवड स्टेशनाजवळील उद्धवरावांच्या नव्या बंगलीचा मोटारखाना. मोटार अद्याप घेतलेली नव्हती. तिच्या जागी त्या दिवशी उद्धवरावांच्या वडिलांची खाट आणून ठेवली होती, आणि खाटेवर वडील मारुतराव पुस्तकांचे गाठोडे मांडीशी घेऊन बसले होते. खोलीस खिडकी नव्हती. मोटारीस ती लागत नाही.

शिडीवर चढून चांदभाई वायरमन ट्यूबलाइटची पट्टी वाशाला आवळीत होता. चोक बसला, स्टार्टर बसला. दोन तारा खाली सोडून त्याने विचारले, "साहेब, बटण खाटेच्या उशाशीच देतो ना? बाबांचा पडल्यापडल्या हात पोचेल."

"तिथे नको," उद्धवराव दारातूनच म्हणाले. "भिंतीपलीकडे दे. आमच्या स्वयंपाकघरात."

चांदभाई शिडीवरच थांबला. दिवा ज्याच्या डोक्यावर, बटण त्याच्या हाताशी, हा त्याच्या धंद्यातला पहिला धडा होता.

"मग दोन्हीकडे देतो की. जिन्याला करतो तसं. खाली लावा, वर विझवा. तार थोडी जास्त लागेल, एवढंच."

"तारेचं काही नाही रे. आबा पहाटे तीनला उठून मोठमोठ्याने पोथी वाचतात. शेजारी आमच्या कंपनीचे मोठे साहेब राहतात. दोन बटणं म्हणजे आम्ही विझवायचा आणि यांनी लावायचा."

"पोथी नव्हे, व्याकरण," मारुतराव म्हणाले. "आणि मोठ्याने नव्हे. माझ्या कानांना ऐकू येईल इतपत."

"तुमच्या कानांचं आता तेवढ्यावर भागत नाही, आबा."

"मान्य. परंतु मला रात्री उठावे लागले तर?"

"हाक मारा. तुमची सून आतून लावील."

"ती झोपलेली असली तर?"

"तर तुम्हीही झोपा."

मारुतरावांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढविला. वादात प्रतिपक्षाचा मुद्दा बिनतोड निघाला की ते नेहमी असेच करीत.

चांदभाईने भिंतीला भोक पाडले, तारा पलीकडे नेल्या आणि स्वयंपाकघरात बटण बसवले. परत येऊन उजेड नीट दिसावा म्हणून त्याने मोटारखान्याची दोन्ही दारे ओढून घेतली आणि भिंतीवर थाप मारली. "लावा, साहेब!"

नळी एकदा लवलवली, विझली, पुन्हा लवलवली.

"ही नव्या नवरीसारखी असते, बाबा," चांदभाई म्हणाला. "पहिल्या हाकेला येत नाही."

मग ती स्थिरावली. पांढऱ्या उजेडात खाटेच्या सैल पडलेल्या नवारीपासून मारुतरावांच्या पायावरच्या निळ्या शिरांपर्यंत सारे स्वच्छ दिसू लागले. मारुतरावांनी गाठोडे सोडून वरचेच पुस्तक उघडले. पान नाकापाशी नेले, मग हळूहळू हातभर लांब धरले.

"चांदभाई," ते म्हणाले, "हा अनुस्वार मला कंदिलाखाली कधीच दिसला नव्हता. इतकी वर्षे मी ही ओळ चुकीची वाचीत आलो. थांबा, तुम्हाला दाखवतो, इथे पाहा..."

चांदभाईला अक्षर येत नव्हते. तरीही हात विजारीला पुसून तो खाटेशी वाकला. मारुतरावांचे बोट ओळीवर टेकले आणि खोलीत अंधार झाला.

भिंतीपलीकडून उद्धवरावांनी विचारले, "काय रे, काम बरोबर झालं ना?"

चांदभाई चाचपडत दाराकडे निघाला.

"बरोबर झाले आहे," मारुतराव अंधारातून म्हणाले. "विझतो."