टाकीतलं पाणी

तिसऱ्यांदा इंजिन खोकलं, दोन आचके दिले आणि बंद पडलं. फ्रोइलानने स्टिअरिंगवर मूठ आपटली. मागे बटाट्याची पोती रचून दोर आवळलेले, दुपारपर्यंत खाली कारानावीचा बाजार गाठायचा, आणि हा जुनाट पिकअप अंगणाबाहेर पाऊल टाकायला तयार नाही.

"अरे, गाडीलाच दरीचा रस्ता नको असेल," कुंपणावर रेललेला शेजारी तेओदोसियो म्हणाला. "तुझ्यापेक्षा तुझ्या गाडीला अक्कल जास्त."

फ्रोइलान हसला नाही. त्याच रस्त्यावरून गेल्या वर्षी त्याचा थोरला भाऊ रेने गाडीसकट दरीत गेला होता. तेव्हापासून घरातलं कुणी त्या उताराला लागलं नव्हतं. पण आता बटाट्याला कोंब फुटायला लागले होते, न जाऊन भागणार नव्हतं.

त्याने बॉनेट उघडलं. ठिणगी पडत होती. पंपही ठीक होता. फिल्टर फुंकून पाहिला, साफ. मग कार्बुरेटरच्या तळाचा स्क्रू सैल केला आणि गळणारं पेट्रोल काचेच्या बरणीत धरलं. बरणी उन्हात नेली तर वर पिवळसर पेट्रोल आणि खाली चांगलं बोटभर पाणी!

"त्या सेवेरोच्या तर!" फ्रोइलान कडाडला. वेशीवर पिंपातून पेट्रोल विकायचा तो सेवेरो. "पाणी मिसळतो मेला! ऐन वळणावर बंद पडली असती म्हणजे? दात पाडतो त्याचे."

"पाड, पाड. मी बरणी धरतो."

पाना घेऊन तो तरातरा निघाला, तर फाटकात त्याची आई, म्हातारी सेबास्तियाना, आडवी उभी.

"सेवेरोला काही बोलू नकोस," ती म्हणाली. "मी ओतलंय."

"तू? काय ओतलंस?"

तिने शालीच्या गाठोड्यातून बाटली काढली. कोपाकबानाच्या देवीचं तीर्थ.

"आई, तीर्थ गाडीवर शिंपडतात गं! टाकीत घालतं का कुणी?"

"रेनेच्या गाडीवर शिंपडलंच होतं की. पाद्रीबाबाने शिंपडलं, आपण हार घातले, रिवाजाप्रमाणे चाकांवर बिअर ओतली. वरवरचं होतं, धुऊन गेलं." तिने बाटली छातीशी धरली. "म्हटलं, तुझ्या गाडीच्या आत घालावं."

तेओदोसियोने डोक्यावरची टोपी काढली.

त्या उतारावर गाडी अशी बंद पडली की काय होतं, हे फ्रोइलानच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्याने ते गिळलं. गाडीखाली सरपटत जाऊन टाकीचं बूच काढलं. पाणी गेलं, पेट्रोल गेलं, मातीने सगळं पिऊन टाकलं. आई छातीवर क्रूस काढत बघत राहिली. तिचं तोंड एवढंसं झालं होतं.

डब्यातलं नवं पेट्रोल पडल्यावर इंजिन जरा कुरकुरलं आणि मग एका सुरात चालू लागलं. फ्रोइलान गाडी तशीच चालू ठेवून खाली उतरला.

"उरलंय का थोडं?"

"आहे घोटभर."

तो तिच्यासमोर उकिडवा बसला. "गाडीचं राहू दे. मला पाज."

तिने बाटली त्याच्या ओठांना लावली. थोडं हनुवटीवरून ओघळलं, ते तिने शालीने टिपलं. पण तिचं समाधान झालेलं दिसेना.

"गिळलंस का नीट?" तिने विचारलं. "आ कर. बघू दे मला."

चाळिशीच्या फ्रोइलानने आ केला.