वाकून बस

“वाकून बस गं. तुझं डोकं माझ्या डोक्याच्या वर दिसायला नको,” मैफलीआधी गाणं शिकवणाऱ्या बाईंनी नेहमीसारखं बजावलं. उंचीपुरी कुंदा पोक काढून, तंबोरा घेऊन मागे बसली. बारा वर्षं ती अशीच पोट दाबून, बरगड्या आवळून साथ करत होती. दोन स्वरांतच तिला धाप लागायची. “हिला दमच नाही,” असं बाई चारचौघांत हसून सांगायच्या.

तो दम कशानं दाबला जातोय, हे तिला यंदा उमगलं होतं. सहा महिने ती रोज स्वयंपाकघरातल्या भिंतीला पाठ टेकवून गात होती आणि मनात डूख धरून बाईंच्या एका ठसक्याची वाट बघत होती.

आज ऐन तानेत बाईंना तो ठसका लागला. त्यांनी मागे हात करून तिला स्वर धरायला सांगितलं. कुंदा ताठ झाली. पोटभर श्वास घेऊन तिनं वरचा सा लावला आणि तो सोडलाच नाही. सभागृहात टाळ्या उसळल्या.

“पुरे, मला घेऊ दे,” खोकून दुमडलेल्या बाई पुटपुटल्या.

“असंच वाकून बसा, बाई,” कुंदा हळूच म्हणाली आणि तिनं पुढचा श्वास घेतला.