गोष्टींपुरता आवाज

"नमस्कार, तुमचे गुडघे दुखतात का?"

फोनवर नवऱ्याचा आवाज ऐकला आणि सुलक्षणाच्या हातातली चाळणी खाली पडली. अच्युतला जाऊन सात महिने झाले होते. ज्या तेलाची तो जाहिरात करत होता, ते तर याच महिन्यात बाजारात आलं होतं.

अच्युत जाहिरातींना, माहितीपटांना आवाज द्यायचा. नोकरी अशी कुठेच नव्हती. शेवटचं काम त्याने सप्तर्षींच्या स्टुडिओत केलं, लहान मुलांच्या पन्नास गोष्टी. "लेखी करार कर," असं ती तेव्हा म्हणाली होती. तो हसला होता. "मित्राकडे कागद मागू?"

दुसऱ्या दिवशी ती स्टुडिओत जाऊन भांडली. "हे वाक्य अच्युत कधी बोललाच नाही!"

"कॉम्प्युटर बोलतो, वहिनी. त्याच्या रेकॉर्डिंगवरून तयार होतं सगळं," सप्तर्षी म्हणाले. "आवाज गोष्टींपुरताच वापरायचा, असं कुठे लिहिलंय का?"

कुठेच लिहिलेलं नव्हतं. ती जायला उठली.

"थांबा ना." त्यांनी कीबोर्ड जवळ ओढला. आवाजात खरीखुरी माया होती. "तुमच्यासाठी काहीतरी करून देतो. काय म्हणायला लावू त्याला?"

त्यांच्या थोबाडीत द्यावी, असं तिला वाटलं. पण ती परत खुर्चीत बसली.

"म्हणू दे..." ती कशीबशी बोलली, "सुलू, दार उघड. मी आलो."